अमाऱ्याची सैनिकी दफनभूमी आणि बसऱ्याचं युद्धस्मारक : नावं कुठे आहेत?

बेळगावात राहणाऱ्या माणसाच्या कानावरून 'शर्कत' हा शब्द कधी ना कधी गेलेला असतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जे युद्धस्मारक आहे त्याला शर्कत युद्धस्मारक म्हणतात. नव्या जवानांची तुकडी शपथ घेते, कुणी मोठे अधिकारी भेटीला येतात, तेव्हा तिथे पुष्पचक्र वाहिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. पण हे शर्कत नेमकं आहे कुठे, असं विचारलं की बहुतेक जण गप्प बसतात. मीही बरीच वर्षं त्यांच्यातलाच होतो.

शर्कत इराकमध्ये आहे, टायग्रिस नदीच्या काठी, मोसुलच्या दक्षिणेला. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस तिथे तुर्कांशी मेसोपोटेमियातली शेवटची मोठी लढाई झाली. ११४ व्या मराठा पलटणीला त्या एका लढाईत २८ शौर्यपदकं मिळाली. १९२२ साली पलटणींची फेररचना झाली, तेव्हा हीच ११४ वी रेजिमेंटची प्रशिक्षण पलटण बनली आणि तिच्यातूनच पुढे आजचं बेळगावचं केंद्र उभं राहिलं. म्हणजे हे नाव काही हौसेनं दिलेलं नाही. केंद्राची वंशावळच त्या वाळवंटातून येते.

पदकं मिळाली त्यांची नावं रेजिमेंटच्या इतिहासात आहेत. जे तिथेच राहिले त्यांचं काय? या निबंधात मी तेवढंच तपासलं आहे. त्यासाठी टायग्रिसच्या खालच्या अंगाला असलेल्या दोन जागा निवडल्या आहेत : अमारा इथली सैनिकी दफनभूमी आणि बसऱ्याचं युद्धस्मारक. मी या ठिकाणी गेलेलो नाही. हे वाचन फोटो, अभिलेख आणि राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने वेळोवेळी प्रसिद्ध केलेली माहिती यांवर उभं आहे. स्मारकावर टीका करायला ते पुरेसं आहे असं मला वाटतं. स्मारक हे शेवटी वाचायचंच असतं, आणि त्यावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, हे घरी बसूनही कळतं.

अमारा : एक गाव, दोन दफनभूमी

पार्श्वभूमी थोडक्यात. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानी फौज फाओच्या किनाऱ्यावर उतरली. सुरुवातीचा सगळा भार सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनवर होता. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. ३ जून १९१५ ला अमारा हाती आलं. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला फौज अडली, मागे फिरली आणि कुत-अल-अमारा या गावात वेढली गेली. हे कुत वेगळं आणि अमारा वेगळं, आपल्याकडच्या लेखांत दोन्हींची गल्लत फार होते. कुतचा वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यानंतर नवी फौज उभी राहून मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं. १०५, ११४ आणि ११६ क्रमांकाच्या मराठा पलटणीही या आघाडीवर होत्या. संपूर्ण युद्धात मेसोपोटेमियात हिंदुस्थानातून सुमारे ५ लाख ८८ हजार माणसं गेली. त्यातली जवळजवळ निम्मी लढाऊ नव्हती. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, स्वयंपाकी, डोल्या उचलणारे, हमाल अशी ती माणसं होती.

अमारा हे या मोहिमेचं इस्पितळ-गाव. फौजेने ते घेतल्याबरोबर तिथे रुग्णालयं उभी राहू लागली आणि एप्रिल १९१७ मध्ये तिथे सात मोठी सैनिकी रुग्णालयं होती. जखमी आणि आजारी माणसं नदीतल्या बोटींतून इथे यायची. त्या वाहतुकीची अवस्था इतकी वाईट होती की चौकशी आयोग नेमावा लागला, आणि १९१७ मध्ये त्याचा अहवाल आल्यावर लंडनमधले भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना पद सोडावं लागलं. ज्या गावात इतकी इस्पितळं, तिथे मरणंही तितकीच.

अमाऱ्यात दोन दफनभूमी आहेत. पहिली 'अमारा युद्ध दफनभूमी'. तिच्यात पहिल्या महायुद्धातल्या ४,६२१ जणांच्या कबरी आहेत. त्यातल्या ९२५ कबरींची ओळख पटलेली नाही, बाकी सगळ्यांची पटली आहे. इथे प्रत्येक कबरीवर शिळा होती. पण जमिनीतल्या क्षारांनी दगड खराब होऊ लागले, म्हणून १९३३ मध्ये सगळ्या शिळा काढून टाकल्या गेल्या आणि त्यांच्याऐवजी एक लांब भिंत बांधून तिच्यावर पुरलेल्यांची नावं कोरली.

दुसरी आहे 'अमारा डावा तीर हिंदुस्थानी युद्ध दफनभूमी'. तिथे हिंदुस्थानी फौजेतल्या सुमारे ५,००० जणांचं स्मरण आहे. त्यातल्या नऊ जणांची ओळख आहे.

नऊ. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. पण आयोगच कारण देतो : लष्करी अधिकाऱ्यांनी या दफनांच्या पूर्ण नोंदी ठेवल्या नव्हत्या. एकाच गावी, त्याच काळात, त्याच मोहिमेत, त्याच इस्पितळांतून आलेली ही माणसं. एका जागी नोंद ठेवणारा कारकून होता, दुसऱ्या जागी नव्हता, किंवा असूनही त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. निसर्गाचा, युद्धाच्या धामधुमीचा यात काही दोष नाही. धामधूम दोन्हींकडे सारखीच होती.

बसरा : पांढऱ्या दगडाची हजेरी

ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणाच नाही अशांसाठी बसऱ्याचं स्मारक. एडवर्ड वॉरन या वास्तुविशारदाची रचना, उद्घाटन मार्च १९२९. ऐंशी मीटर लांब छपराची ओवरी, मध्यभागी सोळा मीटर उंच स्तंभ, आणि खांबांमागच्या भिंतीवर पाटीच्या दगडाच्या फरशांवर कोरलेला मजकूर. मेसोपोटेमियात १९१४ च्या हिवाळ्यापूर्वीपासून ऑगस्ट १९२१ पर्यंत मेलेल्या ४०,५०० हून अधिक जणांचं हे स्मारक. त्यातले बहुसंख्य हिंदुस्थानी. वास्तू म्हणून ती देखणी आहे यात वाद नाही. नदीकाठची लांब, बुटकी, सावली देणारी रचना त्या प्रदेशाला शोभणारी होती.

आता फरशा वाचू. ब्रिटिश पलटणींच्या फरशांवर अधिकाऱ्यापासून साध्या शिपायापर्यंत एकेकाचं नाव आहे. हिंदुस्थानी पलटणींच्या फरशांवर आधी ब्रिटिश अधिकाऱ्यांची नावं येतात, मग सुभेदार-जमादारांची, आणि मग हवालदार, नाईक, शिपाई यांच्याऐवजी एक आकडा. अमुक पलटणीचे इतर इतके हिंदुस्थानी सैनिक. झालं.

ओवरी ज्या पांढऱ्या दगडाची बांधली, तो दगड हिंदुस्थानचा. आयोगाच्या वर्णनात तसा आवर्जून उल्लेख आहे. दगड कुठून आला हे लिहिलं, आणि ज्यांच्यासाठी आणला त्यांची गावं आणि नावं राहिली. मला या वास्तूवरची सगळ्यात कडवट टीका तिच्या अधिकृत वर्णनातच सापडते.

हे सगळं नियमाला धरून झालं असतं तरी एक वेळ समजलं असतं. पण नियम उलटा होता. १९१७ मध्ये साम्राज्य युद्धकबर आयोग स्थापन झाला तेव्हाच ठरलं होतं की मृतांमध्ये हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही आणि प्रत्येकाचं स्मरण नावानिशी करायचं. फ्रान्समध्ये हा नियम पाळला गेला. न्यूव्ह-शापेल इथल्या, १९२७ मध्ये खुल्या झालेल्या हिंदुस्थानी स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी माणसांची नावं आहेत, शिपायांसकट. दिल्लीच्या इंडिया गेटवरही तेरा हजारांहून जास्त नावं आहेत. आपल्या मुंबईत, मस्जिद बंदरच्या खलाशी-निवासातल्या स्मारकात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांची नावं आहेत. म्हणजे साधं हिंदुस्थानी नाव दगडावर कोरता येत होतं. जिथे युरोपची नजर पडणार होती तिथे ते कोरलं गेलं. बसऱ्याच्या गोदीत, जिथे बघणारे बहुतेक खलाशी आणि हमाल, तिथे आकड्यावर भागवलं.

सबबी

याचं समर्थन आपल्याकडेही ऐकू येतं, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

पहिली सबब : हिंदूंना जाळतात, मग कबर कुठली आणि नाव कुठलं? ऐकायला पटतं. पण कबर आणि नाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अमाऱ्याच्या त्या भिंतीनेच सिद्ध केलंय. तिथले दगड गेले, नावं भिंतीवर आली. पुण्याजवळच्या खडकीच्या युद्ध दफनभूमीतही तेच दिसेल. हिंदुस्थान-पाकिस्तानच्या जुन्या दफनभूमींतल्या ज्या कबरी सांभाळता येत नव्हत्या, अशा १,८०० हून अधिक जणांची नावं खडकीच्या १९१४-१८ च्या स्मारकावर आहेत. त्यात मुंबईच्या शिवडीहून १९६२ मध्ये हलवलेले ६२९ जणही आले. आणि दहनाचंच म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या सांग्रो नदीकाठी ज्यांचं दहन झालं अशा ५१७ हिंदुस्थानी सैनिकांचं तिथे नावानिशी स्मारक आहे. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांची कबर कुणालाच माहीत नाही, तरी कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. त्यांच्या आसपास पदक न मिळालेल्या साध्या शिपायांचीही आहेत. पंचवीस वर्षांत रीत बदलली. चितेचा धर्म मात्र तोच होता.

शिवाय सगळे हिंदू होते हेही खरं नाही. मराठा पलटणींत त्या काळी दख्खनी आणि कोकणी मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांचीही भरती असे. त्यांना तर पुरलंच जात होतं. मग त्यांची नावं कुठे आहेत? आकडा एकदा लिहिला की हे प्रश्नही त्यात विरून जातात.

दुसरी सबब : नोंदीच नव्हत्या. अमाऱ्याच्या दफनांपुरतं हे खरं. कोण कुठे पुरला याची नोंद नव्हती. पण कोण मेला याची नव्हती असं कसं म्हणणार? सैनिकाला क्रमांक होता, पगार होता, बापाचं नाव आणि गाव पलटणीच्या दप्तरात होतं, मागे राहिलेल्या बाईला पेन्शन द्यायची होती. सरकार पैसे नाव पाहूनच देत होतं. पंजाबचं उदाहरण घ्या : लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या दप्तरांत पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी गावनिहाय सापडल्या आणि २०२१ पासून त्या लोकांसमोर येऊ लागल्या. दप्तर होतं, बघितलं कुणी नव्हतं.

तिसरी सबब कुणी उघड बोलत नाही, पण निर्णयामागे तीच असावी : गावातल्या अडाणी बाईला बसऱ्याच्या फरशीचं काय? ती काय बघायला जाणार आहे? एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण विषमतेने केलं गेलं आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांचं नावानिशी स्मरण झालंच नाही, हे त्यात मान्य केलंय. ज्यांचं झालं नाही त्यांची संख्या साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकते असंही त्यात आहे. त्या काळचे पूर्वग्रह आणि वंशभेद हे कारण अहवालाने लपवलेलं नाही. आयोगाने आणि ब्रिटिश सरकारने माफी मागितली. ती मागायला नव्वद वर्षं लागली, पण अहवाल प्रामाणिक आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आणि आपण?

इथपर्यंत टीका साहेबावर होती, ती सोपी असते. पण गेल्या काही वर्षांत मराठीत या पलटणींवर आलेले लेख पुन्हा वाचून बघा. ११७ व्या पलटणीला 'रॉयल' किताब मिळाला, शर्कतला २८ पदकं मिळाली, 'इतके हजार मराठे धारातीर्थी पडले', जय शिवराय. दर वर्षी तेच. मीही असा एक लेख लिहिला होता. त्यात किताब होता, पदकं होती, आकडा होता, आणि मेलेल्या एकाही शिपायाचं नाव नव्हतं. बसऱ्याच्या फरशीचीच ती मराठी नक्कल म्हणायची. फरक इतकाच की तिथे आकडा उदासीनतेने लिहिला गेला होता, आणि मी अभिमानाने लिहिला होता.

आपल्या गावांतल्या पाट्याही आठवा. चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेला संगमरवरी तुकडा : या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धास इतके इसम गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याकडचं अपशिंगे मिलिटरी हे त्याचं मोठं उदाहरण. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले असं सांगतात. पाटीवर आकडाच असतो. गावात असताना नावं कोरायची गरज वाटली नसेल, कारण तेव्हा सगळ्यांना माहीत होती. आता शंभर वर्षांनी ती कुणालाच माहीत नाहीत. पाटीला दर पंधरा ऑगस्टला चुना लावायचा आणि हार घालायचा, एवढंच उरलंय.

याच भागात त्याआधीची एक रीत होती. बेळगाव, धारवाड, कारवारकडच्या कितीतरी वीरगळांवर हळेकन्नड लेख आहेत. गाई वळवून आणताना मेलेला अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं. सगळ्याच वीरगळांवर लेख नसतो, कोकण-गोव्याकडचे पुष्कळसे मुकेच आहेत. पण जिथे लेख आहे तिथे राजाच्या नावाखाली गुरं राखताना मेलेल्या माणसाचंही नाव येतं. नाव कोरणं हे साहेबाकडून शिकायचं होतं असं काही नाही.

करण्यासारखं काय आहे

बसऱ्याचं स्मारक १९९७ मध्ये इराकी सरकारच्या हुकमाने गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटरवर नेलं गेलं. जशीच्या तशी वास्तू परत उभारली, पण भोवती ओसाड रान. तिथली परिस्थिती अस्थिर, म्हणून आयोगाने इराकमधल्या सगळ्या मृतांची दोन खंडांची नामावली तयार केली आणि ती इंग्लंडात मेडनहेडच्या मुख्यालयात ठेवली.

आणि मुख्य गोष्ट ही : बसऱ्याच्या फरशीवर जे आकड्यात आहेत, त्यातल्या पुष्कळांची नावं आता आयोगाच्या संगणकावरच्या नोंदींत मिळतात. क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, आणि बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. त्यात बेळगाव, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, सावंतवाडी हे सगळं येतं. मात्र गावांची आणि माणसांची नावं इंग्रजी कारकुनाच्या कानाने लिहिलेली. आडनाव कधी आहे, कधी नाही. एकाच नावाचे चार-पाच शिपाई एका पलटणीत भेटतात. मूळ गाव ओळखायला लंडनचा तज्ज्ञ उपयोगाचा नाही. त्याला आपल्याकडचा, वाडीवस्ती माहीत असलेला माणूस लागतो. हे काम स्थानिक इतिहास मंडळाशिवाय दुसरं कुणी करणार नाही.

म्हणून बैठकीपुढे माझी सूचना अशी. पुढच्या वर्षी मोहिमेच्या इतिहासावर नवा लेख नको. एक तालुका घ्यावा, खानापूर किंवा बेळगाव, आणि त्या तालुक्यातल्या, मेसोपोटेमियात गेलेल्या शिपायांची गावनिहाय यादी करावी. इंग्रजी नोंद जशीच्या तशी एका रकान्यात, आपण लावलेलं देवनागरी नाव दुसऱ्यात, आणि शंका असेल तिथे शंकेची खूण. शक्य तिथे गावच्या पाटीवरच्या आकड्याशी ही यादी ताडून बघावी. आकडा जुळला नाही तर न जुळल्याचं लिहावं. लढाऊ नसलेल्यांना, खेचरवाले आणि भिस्ती यांना, वगळू नये. मुसलमान आणि मराठा वेगळे काढू नयेत, पलटणीत ते एकत्र होते. आणि घाईने कुणी आपला पणजोबा त्यात शोधून फोटो लावू नये. पुरावा येईपर्यंत थांबावं.

यादी झाली की ती गावच्या पंचायतीला द्यावी आणि केंद्रातल्या अधिकाऱ्यांनाही एक प्रत द्यावी. शर्कतच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहताना निदान खानापूरच्या माणसांची नावं तरी कुणाला वाचून दाखवता आली पाहिजेत.

ज्यांच्या गावात अशी पाटी आहे त्यांनी तिचा एक स्वच्छ फोटो आणि पाटी कुठल्या भिंतीत आहे त्याची नोंद मंडळाकडे पाठवावी. चुन्याखाली अक्षरं दिसत नसतील तर पाटी खरवडू नका, ओल्या फडक्याने हलकेच पुसा. आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी कोरलेलं तेवढंच शिल्लक आहे.